बिनडोक्याचा मोर

फाल्गुनातल्या एका रविवारी, सकाळचा चहा अजून बशीत असतानाच, कोकिळेने घरात जाहीर केलं की आजपासून ती कुठलीच गोष्ट पुरी करणार नाही.

तिच्या वडलांना, बबनरावांना, वाटलं, ही बीजगणिताबद्दल बोलते आहे. नववीच्या सहामाहीत तिने तसंही पाचवं उदाहरण अर्ध्यावर सोडून खाली एक बैल काढला होता. आईला वाटलं, ही ताटातल्या भाकरीबद्दल बोलते आहे, म्हणून तिने चुलीवरून मान न वळवताच, "मंग उपाशी राय," असा निकाल देऊन टाकला.

"मी क्रोशाकामाबद्दल आणि चित्रांबद्दल बोलते आहे," कोकिळा म्हणाली. "हा माझा निश्चय आहे."

चिडली की ती पुस्तकातली मराठी बोलायची, आणि ती पुस्तकातली मराठी बोलायला लागली की घरातली माणसं सावध व्हायची. बबनरावांनी बशी खाली ठेवली.

या निश्चयाला कारण होतं, आणि ते पांढरकवड्याच्या त्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त ते कारण आहे हे कोणाला मान्य नव्हतं. गल्लीत लग्न निघालं की रुखवत मांडायचं. रुखवत म्हणजे नवरीच्या हातची कला. क्रोशाचे रुमाल, टेबलक्लॉथ, मण्यांचं तोरण, एखादं चित्र, असं सगळं मांडवात एका बाजेवर पसरायचं, वर नवरीच्या नावाची चिठ्ठी लावायची आणि वरपक्षाच्या बायांनी ते चिमटीत धरून, उलटंपालटं करून, नाकं मुरडून पाहायचं. आता गल्लीतल्या लग्नाच्या पोरींना हात होते, नाही असं नाही, पण निंदण, वेचणी, शेण आणि पाणी यांतून त्या हातांना सुई धरायला सवड कुठली? सवड होती एका कोकिळेच्या हाताला. कारण तिचा बाप सरकारी बांधकाम खात्यात कारकून होता आणि कारकुनाच्या घरी वावर नसतं. म्हणून गल्लीने तिचा हात विहिरीसारखा सर्वांचा करून टाकला होता. तिच्या एखाद्या वस्तूची शेवटची गाठ बसली, की तिसऱ्या दिवशी कोणीतरी काकू पदराखाली लोणच्याची वाटी घेऊन येत आणि जाताना त्याच पदराखाली टेबलक्लॉथ घेऊन जात. वाटी परत मागायला मात्र न चुकता येत.

इतके दिवस कोकिळेने हे सोसलं. मग ड्रॉइंगच्या मास्तरांनी वर्गात सांगितलं की चित्र आपलं असेल तर खाली नाव घालावं, लाजू नये. कोकिळा लाजणाऱ्यांतली नव्हतीच. ती फक्त कोणीतरी सांगण्याची वाट पाहत होती. तिने गावाजवळच्या खुनी नदीचं एक चित्र काढलं, जलरंगात, पहाटेचं पाणी आणि पाण्यात पाय सोडून बसलेला खडक, आणि उजव्या कोपऱ्यात 'कु. कोकिळा, इयत्ता ९ वी' असं ठसठशीत लिहिलं. चित्र आठ दिवस हेडमास्तरांच्या खोलीत लागलं. नवव्या दिवशी घरी आलं. अकराव्या दिवशी लोणचं आलं.

त्यानंतर माघात गल्लीतल्या शेवंताच्या लग्नात कोकिळेने ते पाहिलं. उजवा कोपरा कात्रीने तिरपा कापला होता. कोपरा गेल्यामुळे नदी कागदाबाहेर सांडून मांडवात चालली आहे असं दिसत होतं. वर चिठ्ठी होती, 'चि. सौ. कां. शेवंता हिच्या हातचे.' वरपक्षाची एक म्हातारी नवरीला म्हणाली, "नदी चांगली काढली वं," आणि शेवंता मान खाली घालून म्हणाली, "घरचीच हाय."

कोकिळेने त्या लग्नात लाडू खाल्ला नाही. ज्यांना तिची लाडवांविषयीची मतं माहीत आहेत, त्यांना यावरून प्रकरणाची खोली कळेल.

तर निश्चय असा होता. अपुरी वस्तू रुखवतात जात नाही, अशुभ मानतात. तेव्हा काहीच पुरं करायचं नाही. पण अपुरं काम पेटीत दडवून ठेवायचं हेही तिला पटेना. दडवून अपुरं ठेवलं तर त्याला लोक आळस म्हणतील. उघड्यावर अपुरं ठेवलं तर ते तत्त्व होतं. म्हणून दर रविवारी ओसरीवर बाज टाकायची, बाजेवर सुईसकट अर्धा टेबलक्लॉथ पसरायचा, भिंतीला फळीवर अर्धं चित्र लावायचं आणि स्वतः मधे बसून काम करायचं. ज्याला पाहायचं त्याने यावं आणि कोणाचा हात चालतो ते डोळ्यांनी पाहून जावं.

"लोकं काय म्हनतीन?" आई म्हणाली.

"तेच ऐकायला बसणार आहे."

आईच्या काळजीचं कारण वेगळंच होतं. टेबलक्लॉथवर मोर होता. मोर पायांपासून पिसाऱ्यापर्यंत झाला होता, मान निम्मी आली होती, डोकं बाकी होतं. आणि हा मोर आईने कोकिळेला न विचारता शेजारच्या मैनाबाईला कबूल करून टाकला होता. मैनाबाईच्या पंचफुलाचं लग्न वैशाखात होतं, महागावच्या घराण्यात, आणि महागावला 'आमच्या पोरीनं मोर केला' असा निरोप कधीच जाऊन पोचला होता.

पहिल्या रविवारी मैनाबाईच पहिली आली. हाताची घडी घालून ओसरीखाली उभी राहिली.

"काय वं कोकिळे, मोराले डोकं कवा येते?"

"येणार नाही, काकू."

"अवं, डोक्याबिगर मोर कसा वं राहीन? खुडलेल्या कोंबडीवानी दिसून राह्यला तो."

"मग कोंबडी म्हणा."

मैनाबाईने आत पाहिलं. आई दाराआडून खुणा करत होती की आपण मागाहून बोलू. त्या खुणा कोकिळेला दाराकडे पाठ असूनही दिसल्या, कारण मैनाबाईचे डोळे आरशासारखे होते. त्यांच्यात सगळं उमटायचं, आत काही राहायचं नाही.

दुसऱ्या रविवारी सरकार येऊन मिळालं. त्याचं झालं असं की आदल्या नोव्हेंबरात सगळा विदर्भ मध्य प्रदेशातून उठून मुंबई राज्यात गेला होता. माणसं जिथल्या तिथे होती, कपाशी जिथल्या तिथे होती, पण बबनरावांच्या खात्यातल्या ओव्हरसियर साहेबांच्या गोदामातल्या एका लाकडी पाटीवर अजून 'धीरे चलो, काम चालू है' असं होतं, आणि ती मराठीत करावी असा हुकूम आला होता. पेंटर लावायचा तर मंजुरी यवतमाळहून यायची. साहेब म्हणाले, "बबनराव, तुमची पोरगी पेंटिंग करते म्हणतात." झालं. बबनराव पाटी सायकलला बांधून घरी आले.

कोकिळेने पाटीला पांढरा हात दिला, वाळू दिला आणि निळ्या रंगात मोठ्या झोकदार अक्षरांत लिहायला घेतलं. 'सावकाश. काम चालू आ' इथवर आली आणि तिला स्वतःचा निश्चय आठवला. तिने ब्रश धुऊन ठेवला.

"'हे' राह्यलं," बबनराव म्हणाले.

"राहिलं नाही. ठेवलं आहे."

पाटी वाळण्यासाठी ओसरीवर, मोर आणि चित्र यांच्या मधोमध टेकवलेली होती. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटलं, ती प्रदर्शनाचीच आहे. पुढच्या रविवारपर्यंत अर्ध्या गावाला कळलं की बबनराव कारकुनाच्या ओसरीवर काम चालू आहे, कामाला डोकं नाही आणि पाटीला शेपूट नाही. रिकामी माणसं मुद्दाम वळसा घालून त्या गल्लीतून जाऊ लागली. बबनराव वर्तमानपत्र तोंडापुढे धरून बसत आणि कोणी "काय कारकून साहेब, घर बांधून राह्यले का?" असं विचारलं की पान उलटत. एकदा त्यांनी वर्तमानपत्र उलटं धरलं होतं, पण ते कोकिळेने कोणाला सांगितलं नाही. बापाची अब्रू ती बापाइतकीच जपत असे. फक्त तिची पद्धत निराळी होती.

चित्राबद्दल सांगायचं राहिलं. चित्र कापसातली सरकी काढणाऱ्या जिनाच्या आवाराचं होतं. कापसाने भरलेली बैलगाडी, तिच्यापुढे एक शिंग मोडलेला बैल. पांढरकवड्यात एकशिंगी बैल एकच, मैनाबाईच्या नवऱ्याचा, किसनरावांचा. जलरंगात पांढरा रंग लावत नाहीत, पांढऱ्यासाठी कागदच मोकळा ठेवतात, हे कोकिळेला मास्तरांनी शिकवलं होतं, पण मास्तरांनी ते गावाला शिकवलं नव्हतं.

"गाडी हाय, बैल हाय," किसनराव चित्रापुढे उभे राहून म्हणाले. "कापूस कोठी हाय?"

"हा काय. कागद सोडला ना, तोच कापूस."

किसनरावांनी वाकून पाहिलं. उभ्या जन्मात त्यांनी कापूस हाताने, दाताने आणि नाकाने पारखला होता. डोळ्याने पारखायची ही पहिलीच वेळ. ढिगाच्या खालच्या अंगाला कोकिळेने सावलीसाठी फिकट निळा रंग दिला होता. किसनरावांनी त्या निळ्यावर बोट ठेवलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हा कापूस ओला हाय."

"ती सावली आहे, काका."

"सावली तुमच्या शाळेत. जिनात याले ओला कापूस म्हनतेत."

मागे तीनचार माणसं उभी होती. त्यांतलं कोणीतरी खोकल्यासारखं हसलं. बस, तेवढंच. पण मंगळवारी किसनराव शेवटच्या वेचणीची गाडी घेऊन जिनात गेले, तर वजनकाट्याजवळच्या माणसाने त्यांच्या कापसात कोपरापर्यंत हात खुपसून तळाचा कापूस काढला आणि पिळून पाहिला. वजन वाढवायला कापसावर पाणी मारतात, अशी माणसं असतात. किसनराव त्यांतले नव्हते. पण आता एकशिंगी बैल दिसला की लोक विचारू लागले, "किसनराव, आज धुनं वाळत टाकलं का?"

"पोरी, तू ते चित्र पुरं कर," किसनराव येऊन म्हणाले. "माहा कापूस वाळव."

"मी काहीही पुरं करत नाही, काका. माझा निश्चय आहे."

"कोनता निश्चय? तुह्या निश्चयापायी माह्या गाडीत लोकं हात घालून राह्यले!"

कोकिळेने सुई उचलली आणि मोराच्या मानेत आणखी एक रांग घातली. मान लांबत चालली होती. डोकं घालायचं नाही आणि हात तर चालू ठेवायचा, म्हटल्यावर दुसरा इलाज काय?

तिकडे घरात कट शिजत होता. कोकिळा शाळेत गेली की मैनाबाई मागच्या दाराने येई, आणि आई, जिने माहेरी असताना एक बाळटोपी विणली होती आणि तिच्या भरवशावर वीस वर्षं काढली होती, मोर मांडीवर घेऊन बसे. शुक्रवारपर्यंत मोराला डोकं आलं. आईचा हात घट्ट होता, दोरा ओढून विणायची सवय. त्यामुळे मानेवर आलं ते डोकं मुठीएवढं, टणक आणि किंचित रागावलेलं होतं.

रविवारी बाजेवर मोर पसरला गेला आणि कोकिळेने ते डोकं पाहिलं. तेवढ्यात तांड्यावरची धनीबाई दुधाची कासंडी घेऊन ओसरीशी आली. धनीबाईच्या काचळीवर, म्हणजे बंजारा चोळीवर, आरशांचं भरतकाम असायचं, ते उन्हात असं चमकायचं की ती येण्याआधी भिंतीवर कवडसे येत. ती वाकली, मोराच्या मानेवरून बोट फिरवत वर गेली आणि डोक्यापाशी थांबली.

"बाई, हे डोकं तुहं नोहे."

"कशावरून?"

"टाका येगळा हाय. घट्ट हाय. हे मोठ्या बाईचं, घाईतलं." धनीबाई आत पाहून हसली. "आमच्या तांड्यावर काचळी पाहूनच सांगतेत, हा हात कोनाचा. माह्या याडीचा, मायचा, टाका मी डोळे झाकून ओळखतो. नाव लिवा लागत नाही."

दाराआड भांडं पडलं. कोकिळेने धनीबाईकडे असं पाहिलं, जसं मास्तर पहिल्या नंबराच्या मुलाकडे पाहतात. मग तिने डोक्याच्या टोकाची गाठ सोडली, दोऱ्याचं टोक धरलं आणि ओढलं. सर्र. जमलेल्या दहाबारा माणसांच्या देखत मोराचं डोकं गोल गोल फिरत नाहीसं झालं. मैनाबाईने डोळ्यांना पदर लावला, जशी काही खरंच मान कापली.

आई बाहेर आली. "माह्या टाक्यात काय खोट होती?"

"खोट नव्हती, आई. तुझा होता. तुझं नाव लिहायला दिलं असतंस तर ठेवला असता."

आईला यावर रागवायचं की काय करायचं ते कळेना, म्हणून ती दुधाचं भांडं घेऊन आत गेली, आणि बराच वेळ ते दूध तापलं नाही.

सगळे पांगल्यावर ओसरीच्या खांबाशी पंचफुला उरली. कोकिळेहून वर्षभराने मोठी, चौथीत शाळा सुटलेली. तिने पदराआडून एक दोऱ्याचा गुंडा काढला.

"कोकिळे, मले एक रांग शिकवतं का?"

कोकिळा थक्क झाली. दोन वर्षांत गल्लीने तिच्याकडे टेबलक्लॉथ मागितले, रुमाल मागितले, पोपट मागितला. शिकव असं कोणीच म्हटलं नव्हतं.

"कायले?" ती पुस्तक विसरून म्हणाली.

"सासू मांडवातच सुई हातात देते म्हनतेत. मोठ्या सुनेले देल्लती. तिले काही येत नव्हतं, ते रडली. अजून तिले घरात 'रुखवतवाली' म्हनतेत." पंचफुला स्वतःच्या बोटांकडे पाहत होती. "मले रडाचं नाही."

तिची बोटं वेचणीने फाटलेली होती. बोंडांची टोकं लागून लागून कातडी अशी झाली होती की दोरा तिच्यात अडकायचा. पहिल्या दिवशी तिची साखळी बैल बांधायच्या दोराएवढी जाड झाली. कोकिळा हसली, पंचफुलाही हसली, मग दोघींनी ती उसवली. कोकिळेने तिच्या बोटांना खोबरेल तेल लावलं आणि खांब, म्हणजे उभा टाका, कसा घालायचा ते सात वेळा दाखवलं. आठव्या वेळी खांब उभा राहिला, किंचित दारू प्यायल्यासारखा, पण उभा. मग मोराच्या टेबलक्लॉथच्या काठाला तिची किनार सुरू झाली.

पुढच्या गुरुवारी ओव्हरसियर साहेब केळापूरच्या रस्त्यावर खड्ड्यात पडले. खड्डा त्यांनी स्वतः सकाळी मोजला होता. सायंकाळी परत येताना, जिथे पाटी असायला हवी तिथे ती नव्हती, म्हणून साहेब सायकलसकट आत गेले आणि सकाळचं माप बरोबर होतं याची खात्री करून घेतली. लागलं फारसं नाही. टोपी मात्र चुन्यात पडली.

दुसऱ्या दिवशी कचेरीत खुलासा मागवण्यात आला. कचेरीतली पत्रं बबनरावच लिहीत, त्यामुळे स्वतःला खुलासा विचारणारं पत्रही त्यांनाच लिहावं लागलं. 'उपरोक्त लाकडी फलक विहित मुदतीत परत न केल्याने साहेबांस जी इजा पोचली तिच्याबाबत आपणावर कारवाई का करू नये' अशी कडक भाषा त्यांनी वापरली, सुवाच्य नक्कल केली, साहेबांची सही घेतली, पत्र स्वतःला दिलं, पोच लिहून घेतली आणि मग ते वाचून त्यांना घाम फुटला.

रविवारी ते पत्र त्यांनी ओसरीवर कोकिळेपुढे धरलं. "बाई, एक 'हे'. एका अक्षरासाठी बापाची नोकरी जाते."

"अन् माहा कापूस," खालून किसनराव म्हणाले.

"अन् माह्या पोरीचा मोर," मैनाबाई म्हणाली. "लग्न आठ दिवसांवर आलं."

गल्ली जमली होती. धनीबाई कासंडी टेकवून निवांत बसली होती. कोकिळा बाजेवर उभी राहिली. उभं राहायची गरज नव्हती, पण तिला तसं वाटलं.

"मी सगळं द्यायला तयार आहे," ती म्हणाली. "माझी एकच अट आहे. जे माझ्या हातचं, त्यावर माझं नाव राहील. कोपरा कापायचा नाही. चिठ्ठी बदलायची नाही."

"रुखवतात दुसरीचं नाव?" मैनाबाईचा आवाज चढला. "महागावची मान्सं तोंडात मारतीन. असं कोठी झालं नाही."

"मग मोर इथंच राहील."

"अवं, पोरीच्या जातीनं एवढा हट्ट..."

"लिवू द्या," किसनराव मधेच म्हणाले. ते थकले होते. आदल्या दिवशी बैलाच्या उरल्या शिंगावर कोणीतरी ओला फडका बांधला होता. "मैने, लिवू दे तिले काय लिवाचं ते. घरच्या कापसाचं नाव गेलं, आता मोराचं काय घेऊन बसली?"

मैनाबाईने नवऱ्याकडे पाहिलं, मग पंचफुलाकडे पाहिलं. पंचफुला ओसरीच्या खांबाशी टेबलक्लॉथ मांडीवर घेऊन आपल्या किनारीचे टाके मोजत होती आणि तिने मान वर केली नाही. "माय, मोर माहा नाहीच," ती म्हणाली. "किनार माही हाय. सत्रा, अठरा..."

मैनाबाईने हाताची घडी सोडली आणि मान डोलावली.

कोकिळेने रंगाची पेटी उघडली. सावलीतल्या निळ्यावर तिने पिवळा आणि कणभर तांबडा घेऊन पातळ हात फिरवला. किसनराव श्वास रोखून उभे. "अजून," ते म्हणाले. "खालून अजून ओल हाय. थोडं ऊन टाक. हं... हं, बस. आता सुकला." त्यांनी सवयीने बोटं चोळून पाहिली, जणू सरकी हाताला लागते का ते. चित्राच्या कोपऱ्यात 'कु. कोकिळा' असं लिहिलं गेलं. किसनराव ते चित्र हातात धरून थेट जिनाकडे चालते झाले, काट्याजवळच्या माणसाला दाखवायला.

मग तिने पाटीवर 'हे' लिहिलं आणि खाली कोपऱ्यात, निळ्याच रंगात, बारीक 'को.' असंही लिहिलं. बबनरावांनी ते पाहिलं. सरकारी फलकावर कोणाचं नाव घालता येत नाही असा नियम असावा, असं त्यांना वाटलं; पण तो कुठे लिहिला आहे हे त्यांना आठवेना, आणि ज्याला आठवला असता तो माणूस तेच होते. "डाग पडला वाटते," ते म्हणाले आणि पाटी सायकलला बांधायला लागले.

वैशाखात लग्न लागलं. मांडवात बाजेवर रुखवत मांडलं होतं आणि मधोमध मोर, मान लांब, डोकं नाही (उरलेले आठ दिवस पंचफुलाच्या किनारीतच गेले होते), मानेच्या टोकाशी सुई तशीच अडकलेली, काठाला पंचफुलाच्या किनारीची दुसरी सुई. शेजारी चिठ्ठी होती. ती कोकिळेच्या आईने खळ लावून, कोपरे दाबून दाबून, स्वतः चिकटवली होती. 'मोर: कु. कोकिळा बबनराव गावंडे. किनार: चि. सौ. कां. पंचफुला, तीन रांगा, चौथी सुरू. काम चालू आहे.'

महागावच्या बाया चिठ्ठीपुढे गोळा झाल्या. एकीने तोंडाला पदर लावला. मग पंचफुलाची होणारी सासू पुढे आली. अंगाने बारीक, नजरेने जाड. तिने चिठ्ठी कोणाकडून तरी वाचून घेतली, मोराकडे पाहिलं, सुईकडे पाहिलं. मैनाबाईने हातातलं तबक घाईने पुढे केलं.

"आजवर लई रुखवतं पाह्यले," सासू म्हणाली. "अर्धं रुखवत नाही पाह्यलं. चौथी रांग सुरू हाय म्हनतेत, नवरीबाई. घालून दाखवा."

नवरीला आणलं. मुंडावळ्या डोळ्यांवर येत होत्या, त्या कोकिळेने मागे सारल्या. सासूने सुई तिच्या हातात दिली. पंचफुलाने कोकिळेकडे पाहिलं. कोकिळेला वाटलं, आपण पटकन दोन खांब घालून द्यावेत, कोणाला कळणार नाही. तिने दोन्ही हात पाठीमागे बांधले.

पंचफुलाने दोरा बोटाला गुंडाळला. मेंदीच्या हाताने तो निसटत होता. पहिला खांब वाकडा आला. दुसरा बरा. तिसऱ्याला तिचे ओठ हलायला लागले. ती मोजत होती. तिकडून भटजींनी हाक दिली की मुहूर्त आला, नवरीला आणा.

"आनते जी," मैनाबाई धावली. "चाल वं पोरी, ऊठ."

"बावीस, तेवीस," पंचफुला म्हणाली. "मधात सोडलं तर उसवते, माय."

"थांबा जी महाराज," सासू न वळता म्हणाली. "रांग पुरी होऊ द्या." ती बाजेच्या कडेला टेकली, चष्मा नाकावर ओढला आणि हलक्या आवाजात पंचफुलाबरोबर मोजायला लागली. नवरदेव अंतरपाटाशी उभा होता, दोघं मामा अंतरपाट धरून एकमेकांकडे पाहत होते, बँडवाल्याने वाजवायला घेतलं आणि कोणीतरी त्याला गप्प केलं. एका क्रोशाच्या रांगेसाठी एवढी माणसं कधी उभी राहिली नसतील.

रांग पुरी झाली. सासूने ती नखाने चाचपून पाहिली.

"वाकडी हाय," ती म्हणाली. "पन हिची हाय." मग तिने मोठ्या सुनेकडे एकदा पाहिलं, चष्मा काढला आणि पदराने पुसत राहिली. "माह्या रुखवतात पोपट होता. हिरवा. पाटणबोरीच्या कोन्या बाईनं केला, मले आजवर मालूम नाही. घरात अजून मीच केला म्हनतेत. तीस वर्सं झाली, पोपट पाह्यला की मले भेव वाटते, कोनी म्हनीन, दुसरा करून दाखव."

कोणी हसलं नाही. मोठी सून पुढे आली आणि नवरीच्या मुंडावळ्या सरळ करू लागली.

अक्षता पडल्या, जेवणावळ उठली. कोकिळेने या लग्नात चार लाडू खाल्ले. निघताना वऱ्हाडाच्या गाडीत सामान भरलं जात होतं, तेव्हा सासूने मोराची घडी छातीशी धरून तिला बोलावलं.

"पोरी, याले डोकं कवा?"

"महागावला येऊन घालीन," कोकिळा म्हणाली. "पत्र पाठवा. पण पाकिटावर नाव पुरं लिहा."